‘दिला’ म्हणायचं नाही

“डोकं हललं तुमचं,” साडू म्हणाला.

“डोकं नाही हललं.”

“मग चेंडूला कोणी बोलावलं का पलीकडून?”

चेंडू होलपासून वीतभर अंतरावर होता, आता तो होलच्या काठाला चाटून पलीकडे हातभर जाऊन बसला होता. कवळीवाल्यानं पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये लोटायची काठी, उलटा करून त्याचं तळपतं तोंड निरखून पाहिलं. माणसाची जातच अशी, ठेच लागली की आधी दगडाकडे बघायचं.

“बघा बघा,” साडू म्हणाला. “नाचता येईना, अंगण वाकडं. ग्रीनपण तपासा, कोणी रात्रीतून तिरकं केलं असेल.”

कवळीवाला हसला. पण पटर पिशवीत ठेवताना त्यानं उजवा हात एकदा झटकला, पाणी झटकावं तसा. साडूनं ते पाहिलं नाही. तो आपल्या विजयाच्या आनंदात शीळ घालत पुढच्या होलकडे निघाला होता.

गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोटारी आणि पांढरे बूट येतात. गावाला तसलं एक मैदान होतंही, कुंपणातलं. हे दोघे खेळत ते नगरपालिकेचं, पाण्याच्या जुन्या टाक्यांमागचं. तिथं पेन्शनर, शाळेतली मुलं, दुकानं उघडण्याआधी येणारे दुकानदार, कोणीही यावं. साडू लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. एका इमारतीतलं कोणीतरी घर सोडताना काठ्यांची पिशवी लिफ्टमध्येच विसरून गेलं. पुष्कळ दिवस कोणी विचारायला आलं नाही, म्हणून साडूनं ती घरी आणली, आणि घरात ठेवायला जागा नाही असं धाकटीनं म्हटल्यावर थोरलीच्या नवऱ्याकडे आणून टाकली. थोरली आणि धाकटी या सख्ख्या बहिणी. थोरलीचा नवरा कवळीवाला, धाकटीचा हा. साडू त्याला नात्यानं थोरला म्हणून ‘तुम्ही’ म्हणायचा. त्यापलीकडे मान काही देत नसे.

त्या एकाच पिशवीतल्या काठ्यांनी दोघं खेळायला लागले आणि बघता बघता केस पिकले. लांबचे फटके साडूचे. ते मजल्यांच्या मध्येच अडकलेल्या लिफ्टसारखे कुठंही जाऊन थांबायचे. कवळीवाल्याला ताकद कधीच नव्हती. पण ग्रीनवर, होलभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या गवतावर पोचलं की तिथं चेंडू मारायचा नसतो, लोटायचा असतो. त्याला ताकद लागत नाही, हात लागतो. आणि हात त्याला होता.

या खेळात एक रीत आहे. चेंडू होलच्या अगदी जवळ आला, आता हा काही चुकत नाही असं दिसलं, की समोरचा म्हणतो, “दिला.” मग तो मारायचा नाही, गेला असं धरून उचलायचा. सभ्य लोकांची रीत. या दोघांत ती नव्हती. अगदी सुरुवातीला कवळीवाल्यानं एकदा विचारलं होतं, “हा दिलास ना रे?” त्यावर साडू म्हणाला होता, “आपल्या सासऱ्यानं आपल्याला दोन मुलींखेरीज काही दिलं नाही. मग आपण का एकमेकांना द्यायचं?” तेव्हापासून बोटभर अंतरावरचा चेंडूसुद्धा दोघं वाकून, नीट उभं राहून मारायचे. मागून येणारे वैतागायचे. यांना त्यात फार मजा यायची.

आणि हल्ली हेच वीतभर चेंडू चुकायला लागले होते.

कवळ्या करायची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. गावातले दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवत. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर गुलाबी मेणाची पट्टी, त्या पट्टीत एकेक दात बसवायचा, मग तापलेल्या सुरीनं हिरड्या कोरायच्या. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. याचं भरलं होतं, बायकोचं भरलं होतं आणि मुलीचं लग्न होऊन ती दूर देशी गेली होती. त्याच्या हातचे दात गावभर हसत होते, जेवत होते, भांडत होते. बाजारातून चालताना थोरलीला तो कोपरानं हळूच खुणवायचा, “ते बघ, आपले.” समोरचे दोन दात अगदी सारखे बसवले की कवळी खोटी दिसते, म्हणून तो एक दात केसभर तिरका लावायचा. ही त्याची खासियत होती. बाकीच्यांच्या कवळ्या दात वाटायच्या, याच्या माणसाचे दात वाटायचे.

आता तिरका दात आपोआप बसत होता. नको तिथं बसत होता.

त्या आठवड्यात एक कवळी परत आली. डॉक्टर भला माणूस, पण फोनवर त्याला बोलायला जड गेलं. “अहो, बाई बोलल्या की शिट्टी वाजते. त्या शाळेत शिकवतात. मुलं हसतात हो.” जरा थांबून त्यानं विचारलं, “घाई झाली का?”

“दिवा बदललाय खोलीतला,” कवळीवाला म्हणाला. “उजेडाचा फरक.”

दिवा तोच होता. थोरली दारात उभी होती, तिनं ऐकलं. तिनं चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला. काही दिवसांपासून ती कप अर्धाच भरत होती. का ते तिनं सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलं नव्हतं.

“अहो, एकदा हात दाखवून येऊ या,” ती म्हणाली.

“हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“विनोद नका करू.”

“अगं, हाताला काय झालंय? पकड बदलली माझी, ती त्या पटरमुळं. तीच सवय इथं येते. तिकडं चुकतंय म्हणून इकडं चुकतंय.”

“आणि इकडं चुकतंय म्हणून तिकडं, असं नसेल?”

खरं तर रात्री उशीवर डोकं टेकलं की त्यालाही हेच वाटायचं. त्याला भीती वाटत होती, फार वाटत होती. वडील गेले तेव्हाही एवढी वाटली नव्हती. हात गेला तर मग तो कोण? मैदानावरचा दोष हा निदान दोष होता. त्याला शिकवणारी माणसं होती, तो दुरुस्त करता येत होता. म्हणून त्यानं आपलं सगळं दुखणं उचलून मैदानावर नेऊन ठेवलं.

“हे बघ,” तो म्हणाला. “मैदानावर त्या कोचबाई शिकवतात. एक महिना त्यांच्याकडे जातो. महिन्यानंतर साडूबरोबर खेळेन तेव्हा जवळचे चेंडू गेले, तर हात बरा आहे आणि तू हा विषय काढायचा नाहीस. नाही गेले, तर तू म्हणशील त्या हॉस्पिटलात येतो. गुपचूप येतो.”

थोरलीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. लहान मूल परीक्षेच्या आधी देवाशी करतं तसला हा करार होता, तिला कळत होतं. पण गुपचूप येतो हे शब्द तिनं पदरात पाडून घेतले.

“महिनाच हं,” ती म्हणाली.

कोचबाई उन्हानं रापलेल्या, आवाजानं खणखणीत. शाळेतल्या मुलांना आणि आजोबांना एकाच सुरात दटावायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला काही शिकवलंच नाही, नुसतं मारायला लावलं आणि मागे, बाजूला, पुढे फिरत बघत राहिल्या.

“मनगटानं मारता तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“माझं सगळं मनगटातच आहे. कवळ्या करतो मी.”

“इथं मनगटाला सुट्टी द्या. दोन्ही खांदे आणि हात, सगळं मिळून एकच. झोका. मागे जितका तितकाच पुढे. आणि डोळे चेंडूच्या बरोबर वर पाहिजेत, असे बाहेरून डोकावू नका. पटर किती दाबून धरता?”

त्यानं दाखवलं.

“अबब! पळून जाणारे का तो? तुमच्या कामात सगळ्यात नाजूक काय असतं?”

“मेणातली कवळी. दात बसवून झाल्यावर, पक्की करायच्या आधीची.”

“तेवढाच दाब. आणि मारल्यावर बघायचं नाही. मान वर करायची नाही. कान द्यायचे. चेंडू पडला की आवाज येतो, तो ऐकायचा.”

हे त्याला आवडलं. चेंडूच्या पुढे दोन खुंट्या रोवून त्यांनी एक फाटक केलं, पटर जेमतेम जाईल एवढं. त्यातून रोज, तेच, तसंच. एकदा जमणं म्हणजे जमणं नव्हे, कोचबाई म्हणायच्या, एकदा तर माझ्या शेजारच्या बाळालाही जमतं. डावा हात खाली आणि उजवा वर घेऊन बघा, असं त्यांनी दुसऱ्या आठवड्यात सुचवलं. उजवा हात नुसता टेकवायचा, काम डाव्याला करू द्यायचं.

आणि खरोखर चेंडू जायला लागले. आवाज यायला लागला.

त्या दिवसांत घरात जणू पाहुणा आला होता, चांगला, हवाहवासा. कवळीवाला संध्याकाळी मधल्या बोळात सतरंजी अंथरायचा, टोकाला काचेचा पेला आडवा ठेवायचा आणि चेंडू लोटत बसायचा. थोरली स्वयंपाकघरात पाठमोरी. चेंडू पेल्यात गेला की टण वाजायचं. टण वाजलं की तिची सुरी भाजीवर चालू लागायची. नाही वाजलं की सुरी थांबायची आणि पुढचं टण ऐकेपर्यंत थांबलेलीच असायची. सलग वाजत गेलं त्या संध्याकाळी तिनं भाजी इतकी बारीक चिरली की शिजल्यावर ती पातेल्यात सापडेना. कवळीवाला जेवताना म्हणाला, “काय गं हे, माझी कवळी व्हायची आहे अजून.” दोघं खूप हसले. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसण्याचंच आहे असं दोघांनी धरून चालवलं.

पण पुढच्या आठवड्यात टण कमी झालं. मग डावा हात खाली घेऊनही उजवा मध्येच हलायला लागला. ऐन चेंडूला स्पर्श व्हायच्या क्षणी कोणी तरी मागून धक्का द्यावा तसा. खुंट्यांच्या फाटकाला पटर थडकायचा. कवळीवाला पुन्हा उभा राहायचा, पुन्हा थडकायचा. मग कोचबाईंनी त्याला बाकावर बसवलं, कागदी कपातून चहा आणून दिला आणि शेजारी बसल्या.

“हे कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“अंगठा.”

त्यानं खाली पाहिलं. कप डाव्या हातात होता. उजवा हात मांडीवर मोकळा पडला होता, आणि त्याचा अंगठा बोटांच्या टोकांवर फिरत होता. हळूहळू, एका लयीत, मालकाला न विचारता.

“सवय आहे ती,” तो म्हणाला. “दिवसभर मेणाच्या गोळ्या वळतो ना.”

“आत्ता मेण नाहीये हातात.”

कोचबाईंचा आवाज आज खणखणीत नव्हता.

“चेंडू मारण्यात चूक असती, तर मी काढली असती,” त्या म्हणाल्या. “माझं कामच आहे ते. तुम्ही उभे नीट राहता, झोका नीट घेता, डोळे जागच्या जागी. मला तुमची चूक सापडत नाही हो. तुम्ही उद्यापासून माझ्याकडे नका येऊ. दुसरीकडं जा. घरच्यांना घेऊन जा.”

घरी आल्यावर थोरलीनं विचारलं, “काय म्हणाल्या कोचबाई?”

“म्हणाल्या, तुमची काही चूक नाही.”

थोरलीनं हातातलं फडकं घडी करून ठेवलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी केली. त्या दुपारी तिनं धाकटीला फोन केला. बोळातून तिचा आवाज येत नव्हता, म्हणून कवळीवाल्याला वाटलं, ती नुसती ऐकतेय.

महिना भरला त्या सकाळी दोघं साडू नेहमीप्रमाणे टाक्यांमागच्या मैदानावर गेले. हवा स्वच्छ होती. साडू आज गप्प होता. पहिला फटका त्यानं झुडपात घातला आणि झुडपाला शिवी दिली नाही. कवळीवाल्याचा फटका वीसेक पावलंच गेला तरी “वा, आज जेवून आलात वाटतं,” असं काही तो म्हणाला नाही. कवळीवाल्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. चिडवणारा माणूस चिडवायचा थांबला की घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटतं.

पहिले दोन होल असेच गेले. तिसऱ्या होलवर कवळीवाल्याचा चेंडू घरंगळत जाऊन वीतभर अंतरावर थांबला. तो पुढे झाला. पायांत खांद्यांएवढं अंतर, डोळे चेंडूच्या वर, डावा हात खाली.

“दिला,” साडू म्हणाला.

कवळीवाला तसाच वाकलेला राहिला. त्याला आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाचा आवाज आला.

“काय म्हणालास?”

“दिला म्हटलं. उचला. वीतभर तर आहे.”

“वीतभर तर नेहमीच असतो.”

“असू दे ना. मागे माणसं येतायत. कशाला उगाच त्यांना थांबवायचं?”

“आजवर माणसं मागून येत नव्हती?”

साडूनं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना दाराच्या फटीतून धीर देणारा हा माणूस. घाबरू नका, आत्ता उघडतो म्हणताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. आज तो टोपीशी खेळत होता.

“थोरली बोलली तुझ्याशी?” कवळीवाल्यानं विचारलं.

“माझ्याशी नाही. धाकटीशी. आणि धाकटीच्या पोटात काय राहतं?”

“काय बोलली?”

“बोलली कमी. रडलीच जास्त, म्हणे. धाकटीला आधी वाटलं, कोणी गेलंच.”

कवळीवाल्यानं थोरलीला रडताना क्वचितच पाहिलं होतं. ती त्याच्यासमोर रडत नाही एवढाच त्याचा अर्थ होता, हे त्याला आत्ता कळलं. तो पटरवर रेलून उभा राहिला. पटरचा दांडा त्याच्या हाताखाली बारीक थरथरत होता आणि आता लपवायचं कोणापासून, म्हणून त्यानं तो थरथरू दिला.

“मला बघवत नाही हो,” साडू म्हणाला. “तुम्ही उभे राहता, तो हात तसा... आणि मी इथं उभं राहून बघायचं. कसला खेळ हा? नाही बघवत.”

“मग डोळे मीट. पण दिला म्हणायचं नाही.”

“एवढ्याशा चेंडूनं काय बिघडतं?”

“आज वीतभर देशील. पुढच्या खेपेला दीड वीत. मग हातभर. मग मी घरी खुर्चीत बसेन, आणि तू टोपी घालून येशील, मला सांगशील, आज तुम्ही जिंकलात.” त्याचा आवाज चढला. “त्या शाळेतल्या बाईंनी माझी कवळी परत पाठवली. मला वाईट वाटलं, रात्रभर झोप आली नाही. पण पाठवली ना? बिचाऱ्याचा हात हलतो म्हणून शिट्टी वाजवत नाही ना फिरल्या गावभर? तशी कोणी फिरायला लागली, त्या दिवशी मी संपलो रे.”

साडू मान खाली घालून ऐकत होता.

“अजून संपलो नाहीये,” कवळीवाला हळू आवाजात म्हणाला. “संपायचं तेव्हा संपेन. तू आधीपासून माझं तेराव्याचं जेवण घालू नकोस.”

त्यानं तो चेंडू मारला. तो गेला नाही. मग पलीकडून मारला, तेव्हा गेला. “तुझा होल,” तो म्हणाला आणि चालू लागला.

चौथ्या होलवर साडूनं चेंडू मुद्दाम वाळूच्या खड्ड्यात घातला. कवळीवाल्यानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतर साडू नीट खेळला, म्हणजे त्याला जसं येत होतं तसं. झुडपं, झाडं, एकदा पंपघराची भिंत. कवळीवाल्याचे लांबचे चेंडू पुष्कळदा आपणहून होलजवळ येत होते आणि कधी कधी त्याची उजवी बाजू शांत राहून एखादा आतही जात होता. त्यामुळं शेवटच्या होलवर आले तेव्हा दोघं बरोबरीत होते. हा निव्वळ साडूच्या खेळाचा प्रताप, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटच्या ग्रीनवर साडूचं खेळून झालं. कवळीवाल्याचा चेंडू उतारावरून हळूहळू आला, थांबेल थांबेल म्हणताना आणखी थोडा आला आणि होलपासून वीतभर राहिला. हा गेला तर सामना त्याचा. आणि थोरलीशी झालेल्या कराराप्रमाणे हातही त्याचा.

तो चेंडूवर वाकला. साडू समोर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मागच्या चढावर पाठीमागून खेळत येणाऱ्यांचा एक घोळका येऊन थांबला होता, चारपाच जण, काठ्यांवर रेललेले. कवळीवाल्यानं श्वास सोडला. मेणातल्या कवळीएवढा दाब. मागे जितका तितकाच पुढे. मान वर करायची नाही. त्यानं मारला आणि कान दिले.

आवाज आला नाही.

तरीही तो थोडा वेळ तसाच वाकून ऐकत राहिला. मग त्यानं मान वर केली. चेंडू पलीकडे गेला होता. आता सामना बरोबरीत सुटू शकत होता. तो पलीकडे गेला, उभा राहिला, पाय नीट घेतले, मारला. चेंडू काठाला लागून बाजूला गेला. सामना संपला होता. अशा वेळी कोणीही चेंडू उचलून खिशात टाकतो. त्यानं उचलला नाही. तो पुन्हा वाकला.

आता हात मोकळाच सुटला होता. पटर चेंडूपाशी नेईपर्यंत दोनदा जमिनीला टेकला. तिसऱ्यांदा चुकला. चौथ्यांदा चेंडूला पटर चुकून आधीच लागला आणि तो हातभर लांब गेला. कवळीवाला त्याच्यामागे गेला. चढावरच्या लोकांत चुळबुळ झाली, कोणी तरी घड्याळ बघितलं. साडूचे ओठ हलले. एकच शब्द होता तो, दोन अक्षरांचा, आणि तो म्हटला असता तर सगळं तिथल्या तिथं थांबलं असतं. या माणसाला घरी नेता आलं असतं, बसवता आलं असतं, पाणी देता आलं असतं. साडूनं ओठ दातांखाली धरले. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात पाठीमागे होते, म्हणून त्यानं ते पुसलं नाही. तो बघत राहिला. डोळे मीट म्हटलं होतं, पण मिटले नाहीत.

शेवटी चेंडू गेला. काठावर क्षणभर थांबला आणि पडला. तो बारीक पोकळ आवाज दोघांनी ऐकला.

कवळीवाला वाकला, होलमध्ये हात घालून त्यानं चेंडू काढला. त्यालाही वेळ लागला. साडू जागचा हलला नाही.

“तुझा,” कवळीवाला म्हणाला.

“माझा,” साडू म्हणाला. त्याचा आवाज फाटला, पण त्यापुढे त्यानं काही जोडलं नाही.

“तू घरी काही सांगू नकोस. थोरलीला मीच सांगतो. उद्या सकाळीच जाऊ म्हणतो हॉस्पिटलात.” त्यानं चेंडू पँटला पुसला. “फार वेळ घेतला रे आपण. ती माणसं खोळंबली.”

तो चढाकडे वळला आणि क्षमा मागायला त्यानं उजवा हात वर केला. हात स्थिर राहिना. डोक्याच्या वर गेल्यावर तो आणखीच हलायला लागला, पंजा इकडून तिकडे, तिकडून इकडे. लांबून त्या लोकांना ते कसं दिसलं कोण जाणे, त्यांना वाटलं हा म्हातारा निरोप घेतोय. आधी एकानं हात हलवला, मग बाकीच्यांनी. एका बाईनं टोपी काढून ती जोरजोरात हलवली. बराच वेळ ते सगळे हात हलवत राहिले, आणि ते थांबेपर्यंत कवळीवाल्यानंही आपला हात खाली घेतला नाही.